मदत हवी आहे : अमेरिकेत पोहणाऱ्या भाच्याच्या व्हिसाविषयी

नमस्कार. मी फोंड्याहून लिहीत आहे. माझा भाचा लहानपणी आईवडिलांसोबत अमेरिकेत गेला, एच-४ व्हिसावर (तिथे नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा आश्रित व्हिसा) वाढला आणि आज तिथल्या एका विद्यापीठाच्या जलतरण संघात आहे. मात्र वडिलांचे ग्रीन कार्ड भारतीयांच्या लांबलचक रांगेत अडकल्याने वयाची २१ वर्षे पूर्ण होताच त्याचा आश्रिताचा दर्जा संपेल. २०१२ ची, हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी डाका योजना कागदपत्रांविना राहिलेल्या मुलांसाठी असल्याने त्याला लागू होत नाही. त्या मुलांनाही नागरिकत्वाची वाट मिळायला हवी असे मला मनापासून वाटते, पण कायदेशीर मार्गाने गेलेल्यांचा विचार त्या चर्चेत क्वचितच होतो.

२०२१ पासून तिथल्या महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते. संघातील मित्रांच्या नावांचे टी-शर्ट विकले जातात. व्हिसावर काम करण्यास बंदी असल्याने याला मात्र तशी विचारणा नाकारावी लागली.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज किती आधी करावा? खेळातील असाधारण गुणवत्तेवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डासाठी विद्यापीठ पातळीवरील पदके पुरतात का? पासपोर्ट भारतीय असल्याने त्याने परत येऊन देशासाठी पोहावे, असे घरातले काहीजण म्हणतात, पण त्याची पदवी अर्ध्यावर आहे. कुणी या प्रक्रियेतून गेले असल्यास किंवा जाणकार वकील माहीत असल्यास कृपया कळवावे.