दारावरचा चावीवाला

"चावीवाल्यांचे नेटवरचे नंबर फसवे, त्यापेक्षा दारावर येणारा चावीवाला बरा" असं काहीजण म्हणतात, ते मत अर्धंच पटलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे मावशीला दारावरच्यानेच गंडवलं. कपाटाच्या लॉकरची चावी बनवताना "थोडं तेल गरम करून आणा" म्हणून तिला चुलीपाशी धाडलं. मग चावी कुलपात अडकवून "तासभर हात लावू नका, तुटेल" असं बजावून गेला. लॉकरमधली गळ्यातली पोत गेली ती गेलीच. चोरी उशिरा कळावी म्हणूनच ती अडकवलेली चावी, राजेहो!

आता आठवडी बाजारात वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्याकडेच जातो. कुलूप निघण्यासारखं असलं तर काढूनच नेतो, घर दाखवायचं कामच नाही. कपाट असलं तर उघडताच ऐवज बाहेर, अन् काम होईस्तोवर घरचं कोणीतरी तिथंच बसून. तेल त्यानेच आणावं.