जुनं जॅकेट खांद्यात दाटतंय, काय करावं?

परभणीकर: आठवडी बाजारात ४०० रुपयांना जुनं चामड्याचं जॅकेट घेतलं. तिथं टी-शर्टवर झकास बसलं. घरी स्वेटरवर घातलं तर चेन छातीवर चार बोटं उघडीच! पहाटे दूध घालायला गाडीवर जातो, अन् परभणीची थंडी ठाऊकच आहे. उसवून वाढवता येईल का?

लातूरचा टेलर: अस्तर उसवून आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा चामडं, किती ठेवलीय ते बघा. पण चामड्यात सुईची भोकं बुजत नाहीत, जुनी शिवण दिसणारच. त्यापेक्षा दोन्ही बगलांखाली पट्टी टाका. खांदाच दाटत असेल तर मात्र नादी लागू नका.

नांदेडवाला: स्वेटर काढा की ओ!

परभणीकर: खांदाच दाटतोय. धाकट्या भावाला दिलं. आता तो झोपतानाबी काढंना.