हरलो तरी २ गुण कसे?

मंजिरी_ऑकलंड:
लेक शाळेच्या अंडर-१५ रग्बी संघात हुकर आहे, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला. शनिवारी शेजारच्या शाळेकडून २२-२७ ने हरलो. चिखलात पोरं अशी माखली होती की आपला कोणता तेच कळेना! रात्री गुणतक्ता बघते तर आमच्या नावावर २ गुण. क्रिकेटवर वाढलेल्या बाईला कुणीतरी समजावा. आणि स्क्रममध्ये, दोन्हीकडची पोरं खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तिथे, मान दबली तर? ती धास्ती वेगळीच.

दीड_मीटर:
ताई, बोनस तो. जिंकलात तर ४, बरोबरीत २. हरूनही चार ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) केलेत तर १, आणि ७ किंवा कमी फरकाने हरलात तर अजून १. तुमच्या २२ मध्ये चार ट्राय म्हणजे २०, एक कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची किक, २. फरक ५. दोन्ही बोनस पदरात! स्क्रमचं म्हणाल तर १९ वर्षांखालच्यांना दीड मीटरपलीकडे ढकलायची मुभाच नाही.

जुना_विंगर:
माउथगार्ड तिकडे सक्तीचाच आहे. डोक्याला मार बसल्याची शंका आली की रेफरी निळं कार्ड दाखवतो, मग त्या दिवशी खेळ संपला. कोच कितीही तणतणू दे. आम्ही बॉम्बे जिमखान्यावर भर पावसात खेळायचो, तेव्हा असली कार्डं कुठली!

मंजिरी_ऑकलंड:
आता उलगडलं. चौथा ट्राय शेवटच्या मिनिटाला झाला, तेव्हा हरलेली पोरं एवढी का नाचत होती ते! बाकी, पांढऱ्या शॉर्ट्सवरचा चिखल कशाने जातो?

दीड_मीटर:
वाळू द्या, झटका, मग भिजवा. ओल्यावर घासू नका.