झोपूनही न जाणारा थकवा : स्लीप ॲप्नियाचे अनुभव

रात्रभर अंथरुणात असूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटत होते आणि त्यामागे स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा किंवा मंदावण्याचा आजार) असल्याचे पुढे कळले, अशांनी निदान कसे झाले व नंतर काय बदलले, ते लिहावे. यंत्रांची जाहिरात नको.

शिक्षिका, सातारा : माझा थकवा आधी रजोनिवृत्तीच्या खात्यावर जमा झाला. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ सगळे तपासून झाले. रात्री लघवीला वारंवार उठावे लागे, म्हणून साखरही तपासली. रक्तदाब तीन गोळ्यांनाही दाद देईना, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी झोपेची तपासणी सुचवली. श्वसनमार्ग बंद पडलेला असताना शरीर श्वास ओढू पाहते, त्यामुळे छातीतला दाब बदलून हृदय ताणले जाते आणि लघवी वाढवणारे संप्रेरक पाझरते, हे तेव्हा प्रथमच कळले. मी फारशी घोरत नाही. बायकांचे निदान यामुळेही लांबत असावे.

बँक कर्मचारी, पुणे : मी घोरतो म्हणजे मला गाढ झोप लागते, असा घरच्यांचा समज होता. एकदा पत्नीने मोबाइलवर चित्रण केले. घोरणे एकदम थांबते, छाती नुसतीच हलत राहते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो, हे पाहून मीच घाबरलो. तपासणीच्या रात्री डोक्याला तारा चिकटवल्या, छाती-पोटाला पट्टे बांधले, बोटाला चिमटा लावला. केसांतली ती चिकट पेस्ट दुसऱ्या दिवशीही निघता निघेना. किमान दहा सेकंद श्वास थांबण्याचे किंवा मंदावण्याचे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक असले, तर आजार तीव्र मानतात. माझे ४२ निघाले.

संगणक अभियंता, नागपूर : मी सडपातळ आहे, त्यामुळे ही शंका कोणालाच आली नाही. माझा खालचा जबडा जन्मतःच मागे आहे, त्यामुळे झोपेत श्वसनमार्ग अरुंद होतो. आजार सौम्य असल्याने जबडा पुढे धरणारे दंतोपकरण पुरले.

बसचालक, इंग्लंड : दिवसा अनावर झोप येत असल्यामुळे निदान होताच परवाना खात्याला कळवणे बंधनकारक होते आणि आजार आटोक्यात आल्याची खात्री होईपर्यंत गाडी चालवता आली नाही. सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वसनमार्ग उघडा ठेवणारे) सरकारी आरोग्यसेवेतून विनामूल्य मिळाले, पण रोजगाराची चिंता मात्र आमचीच होती.

निवृत्त लिपिक, रत्नागिरी : सीपॅपमुळे दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणे थांबले, थकवा मात्र अर्धाच गेला. मास्कमधून हवा गळत होती. मास्कचे माप बदलले आणि हवा दमट करणारा ह्युमिडिफायर जोडला, तेव्हा घशाची कोरड कमी झाली. उरलेल्या थकव्यासाठी पुन्हा तपासण्या केल्या, तर शरीरातील लोहाचा साठा कमी निघाला. यंत्र लागले म्हणजे इतर कारणांचा शोध थांबवू नये, असे माझे मत आहे. पावसाळ्यात इकडे वीज फार जाते, म्हणून यंत्रासाठी वेगळा इन्व्हर्टर घेतला. कोणी लहान बॅटरी वापरत असेल, तर ह्युमिडिफायर बंद ठेवून ती रात्रभर पुरते का, ते जरूर कळवावे.