व्याख्यानमालेत माइक श्रोत्यांच्या हाती द्यावा की नाही?

पारावरची
आमच्या उपनगरातल्या जुन्या व्याख्यानमालेने यंदा प्रश्नोत्तरं बंद केली. निमंत्रणपत्रिकेत तळाशी छापलंय, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे होणार नाहीत’. वेळ कुठे जातो ते प्रत्येक श्रोत्याला माहीत आहे. साडेसहाला दीपप्रज्वलन, मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय, ज्यांच्या स्मृत्यर्थ त्या दिवशीचं पुष्प, म्हणजे व्याख्यान, आहे त्यांच्या घरच्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ. वक्ते उभे राहतात तेव्हा सव्वासात झालेले असतात.

माझं म्हणणं एवढंच की सत्कार आवरा आणि शेवटची वीस मिनिटं श्रोत्यांना द्या. लेखी प्रश्नांच्या चिठ्ठ्याही नकोत, माइक फिरवा. चिठ्ठी संयोजक आधी वाचतात, अडचणीची असेल ती मागे राहते, आणि उत्तर पटलं नाही तर ‘पण’ म्हणायची सोय नसते.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच वर्षी स्वामी दयानंदांची पुण्यात व्याख्यानं झाली, त्यांच्या मिरवणुकीवर विरोधक चालून आले, आणि विचार जुळत नसतानाही जोतीराव फुले आपली माणसं घेऊन संरक्षणाला गेले. वाद अंगावर घ्यायची त्या लोकांची तयारी होती. आपण आपल्याच श्रोत्यांना का घाबरतो?

माजी कार्यवाह
अशाच एका मालेचं काम मी बरीच वर्षं पाहिलंय, म्हणून विरोध करतो. माइक फिरला की पहिला माणूस म्हणतो, “प्रश्न नाही, दोन मुद्दे मांडतो.” तो आठ मिनिटं थांबत नाही. थांबवला तर त्याचा अपमान होतो. वक्त्यांना परतीची गाडी गाठायची असते.

सत्कारावर एवढा राग कशाला? आपल्याकडे तिकीट नाही. हॉलचं भाडं, मानधन, प्रवासखर्च त्या घरच्यांच्या देणगीतून निघतो. त्यांना पाच मिनिटंही द्यायची नाहीत?

खरी भीती मोबाइलची आहे. वक्त्याने अवघड प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा रात्रीत सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि सकाळी निवेदन घेऊन लोक दारात उभे राहतात. आम्ही हे सोसलंय. पोलीस ठाण्यात वक्ता जात नाही, कार्यवाह जातो.

आणि जुनं पुणं सांगायचं तर पूर्ण सांगा. 1891 साली संमतिवयाच्या बिलावरून, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणाऱ्या कायद्यावरून, तिथे लोक एकमेकांवर धावून गेले. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. त्याला मोकळी चर्चा म्हणायचं का?

शेवटची रांग
माइक जरूर फिरवा, पण चिठ्ठ्या बंद करू नका. भरल्या सभागृहात उभं राहून बोलायची सवय कोणाला असते? पुढच्या दोन रांगांना.

आमच्या गावी वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीवर, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मिळालेल्या समान हक्कावर, व्याख्यान होतं. वकीलबाई कलमं नीट समजावत होत्या, बायका माना डोलवत होत्या. आईने पिशवीतल्या वाणसामानाच्या यादीमागे लिहिलं, ‘भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो. नाही दिली तर माहेर तुटतं. काय करू?’ नाव घातलं नाही. ती चिठ्ठी वाचल्यावर वकीलबाईंनी कागद मिटले आणि उरलेला सगळा वेळ त्याच प्रश्नाला दिला. हे आई माइकवर बोलली असती का? कधीच नाही. त्या सभागृहात मामाचे शेजारी बसले होते.

विहारासमोर
तुमची सगळी चर्चा हॉलभोवती चाललीय. आमच्या वस्तीत 11 ते 14 एप्रिल, फुले जयंती ते बाबासाहेबांची जयंती, व्याख्यानमाला असते. विहारासमोर मांडव, खाली सतरंजी, पुढे लहान पोरं. गेल्या वर्षी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावर प्राध्यापक बोलायला आले होते. आरक्षणासाठी राज्यांना या जातींचे पोटगट करता येतात, या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2024 च्या निकालावरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी त्यांना धरलं. दोन्ही बाजूंची पोरं होती, आवाज चढले. दहाला नियमाप्रमाणे स्पीकर बंद झाला तर प्राध्यापक सरळ खाली सतरंजीवर येऊन बसले आणि वाद चालूच राहिला. मोबाइल आमच्याकडेही आहेत की.

कार्यवाह साहेब, प्रश्न विचारू देत नाही म्हणूनच तरुण तुमच्याकडे येत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माजी कार्यवाह
तुमच्याकडे वक्ता आणि श्रोते एका चळवळीचे आहेत. भांडले तरी उद्या जयंतीच्या मिरवणुकीत बरोबर असतात. आमच्याकडे कोण कुठून आलंय ठाऊक नसतं. हा फरक मोठा आहे, तो उडवून लावू नका.

पंचगंगा
फरक आहे, मान्य. पण भीतीचंच म्हणाल तर कोल्हापूरकडे बघा. कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांनी मुलाच्या, अविच्या, आठवणीसाठी व्याख्यानमाला सुरू केली. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसऱ्यांवरच गोळ्या झाडल्या. माला थांबली नाही. त्यांच्यापुढे निवेदनाची काय भीती घालता?

माजी कार्यवाह
त्यांच्या धैर्यापुढे नतमस्तक आहे. पण अनामत भरून हॉल घेणाऱ्या सत्तरीतल्या चार माणसांकडून तेच धैर्य मागणं मला बरोबर वाटत नाही.

पारावरची
मग त्या चौघांना एकटं का सोडायचं? निवेदन आलं तर पन्नास श्रोत्यांनी सह्या करून त्यांच्या बाजूने उभं राहावं, मी पहिली सही करते. चिठ्ठ्याही राहू देत, फक्त त्या कोणातरी श्रोत्याने उघडाव्यात, संयोजकाने नव्हे. माइकवर एका माणसाला एक मिनिट. वीस मिनिटांवर मात्र मी ठाम आहे. सत्कार शेवटी घ्या, देणगीदारही तेवढा वेळ बसतील.

माजी कार्यवाह
सत्कार शेवटी ठेवला तर हॉल निम्मा रिकामा झालेला असतो, आणि ते त्या कुटुंबाला लागतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चिठ्ठ्यांचं पटतं. माइकचं अजून पटत नाही.

शेवटची रांग
मग यंदा निदान चिठ्ठ्या तरी सुरू करायला सांगा तुमच्या मंडळींना. पत्रिका छापली असली तरी फलकावर लिहिता येतं.