चंद्रपूरची दारूबंदी परत आणायची का?

वर्धाकाठचा
चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली. काल 'बंदी परत आणा' असं निवेदन घेऊन बायका दारात आल्या. मी सही केली नाही. का, ते सांगतो.

त्या सहा वर्षांत आमच्या गल्लीत दारू मिळत नव्हती असा एक दिवस मला आठवत नाही. दुकानातून यायची ती पोरांच्या दप्तरातून यायला लागली, एवढाच फरक. वर्धा नदी ओलांडली की वणी, तिथे दुकानं उघडी. इकडे टिल्लू, म्हणजे छोटी बाटली, दुप्पट-तिप्पट भावानं. मजुरी तेवढीच, म्हणजे घरात पडणारा पैसा उलट घटला. २०१८ मध्ये तर नागभीडकडे दारूची गाडी अडवायला गेलेल्या फौजदाराला चिरडून मारलं. ज्याला प्यायची तो पितोच.

मूलची सून
भाऊ, तुमच्या गल्लीतला पितोच. आमच्या गावात भट्टी बसस्टँडला लागून होती. पोरी ट्यूशनवरून यायच्या तर वाटेत दोघं-तिघं आडवे. बंदीनंतर लपून प्यायला लागले, खरं आहे. पण लपून पिणारा घरी येऊन भांडी फेकत नाही, शेजारचा पोलिसांना सांगेल म्हणून भितो. मला तेवढा धाक पुरे होता.

२०१० च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी गेल्या, त्यात माझी सासू होती. चपलेचा अंगठा तुटला तर सुतळीनं बांधून चालली. तिला कुणी विचारलं नाही 'बंदी यशस्वी होईल का'.

वर्धाकाठचा
सासूबाईंना नमस्कार. पण अख्खा जिल्हा कशाला? उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान आहेच की. ज्या गावाला नको, त्यानं आपलं दुकान बंद करावं.

मूलची सून
घेतलं होतं मतदान. झालेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत लग्न होऊन गेलेल्या पोरी आहेत, वारलेल्या म्हाताऱ्या आहेत. आणि तारीख आली ती धानाच्या रोवणीत. चिखलातून कोण येतं मत द्यायला?

रात्रपाळी
मी नर्स. जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात होते, नाव नको. २०१५ चा एप्रिलचा पहिला आठवडा. एक माणूस आणला, वीस वर्षं रोज पिणारा, दुकान बंद म्हणून तीन दिवस थेंब नाही. चादरीवरून मुंग्या वेचत होता. मुंगी एकही नव्हती. मग झटके. डॉक्टर आधी मलेरिया म्हणाले, आम्ही ग्लुकोजचं सलाइन लावलं. अशा माणसाला आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचं असतं, हे मला नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं. रोजची दारू एकदम तुटली की जीवही जातो, आणि या झटक्यांवर औषध आहे, महागडंसुद्धा नाही. दुकानांना सील लावायची तारीख ठरली होती, खाटांचं कुणी बोललं नव्हतं.

कोथरूडकर
ताईंशी सहमत. मुळात व्यसन हा आजार आहे. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) नादी लागलेल्या पोरांसाठी, आणि तेव्हापासून तिथे पेशंट म्हणूनच वागवतात. अमली पदार्थांच्या इतक्या कडक कायद्यातही कलम ६४अ आहे: थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट. उलट बिहार बघा. २०१६ मध्ये पिणाऱ्यांना तुरुंगात टाकायला लागले, कोर्टं तुंबली, शेवटी २०२२ मध्ये पहिल्या वेळेला दंड भरून सोडा अशी दुरुस्ती करावी लागली. बंदी हा उपायच नाही.

मूलची सून
कोथरूडहून मुक्तांगण जवळ आहे हो. आमचा माणूस महिनाभर तिथे राहिला तर धान कोण कापणार? शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, आणि मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाचे लोक तालुक्याच्या जागी क्लिनिक चालवतात. दोन्ही एकत्र होतं की नाही?

वर्धाकाठचा
गडचिरोलीत मोहाची निघत नाही म्हणता?

मूलची सून
निघते ना. आणि गावच्याच बायका जंगलात जाऊन सडवा, म्हणजे दारूसाठी भिजवून सडवलेला मोह, उपडा करतात. बंदी आहे म्हणून त्यांना तो उपडा करता येतो. परवानावाल्याच्या दुकानात शिरून करून दाखवा.

वर्धाकाठचा
हा मुद्दा मान्य. रात्रपाळी, त्या माणसाचं काय झालं?

रात्रपाळी
वाचला. दोन महिन्यांनी परत आला, झटके घेऊनच. दप्तरवाल्या पोरांना पोलिसांनी उचललं होतं त्या आठवड्यात.

वर्धाकाठचा
निवेदनात 'तालुक्याला दहा खाटा' अशी ओळ घाला, त्या ओळीखाली सही करतो. बंदीच्या ओळीखाली नाही.

मूलची सून
कागद एकच आहे भाऊ. ओळ घालते, पण अर्ध्या कागदावर सही कशी घेऊ?