झानेचं श्रेय फ्रॉइडला का?

रानवेल: नेणिवेतल्या, म्हणजे माणसाला स्वतःला जाणवत नसलेल्या, आठवणींवरून उपचार करण्याचं सगळं श्रेय मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडला देणं हा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पियेर झानेवर अन्याय आहे. झानेच्या १८८९च्या प्रबंधात मारी नावाची १९ वर्षांची रुग्ण आहे. तिला डाव्या डोळ्याने दिसत नसे. सहा वर्षांची असताना, चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर खपल्या असलेल्या मुलाशेजारी तिला बळजबरीने झोपवलं होतं, हे संमोहनात उलगडलं. झानेने संमोहनातच ते मूल निरोगी असल्याचं तिच्या मनावर बिंबवलं आणि तिला दिसू लागलं. फ्रॉइड आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी डॉक्टर ब्रॉयर यांचा यावरचा पहिला लेख चार वर्षांनी, १८९३ला आला!

समीर_क: तारखाच काढायच्या तर ब्रॉयरने ॲना ओ. या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या रुग्णावर अशाच पद्धतीने उपचार केले १८८० ते ८२मध्ये. तेव्हा झाने कुठे होता? शिवाय त्याच १८९३च्या लेखाच्या तळटीपेत, झानेच्या पुस्तकातली एक मुलगी आमच्यासारख्याच पद्धतीने बरी झाली, असं स्पष्ट लिहिलंय. ढापणारा माणूस मूळ मालकाचं नाव छापतो का?

रानवेल: उपचार केव्हा केले हे नाही, छापलं केव्हा हे धरतात. ॲना ओ.ची हकिगत छापून आली १८९५ला. आणि ब्रॉयर म्हणतो तशी ती बरी झाली हेही खरं नाही. उपचार संपल्यावर काही आठवड्यांतच ती स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइझलिंगेनच्या आरोग्यधामात दाखल झाली होती, हे मानसोपचाराचा इतिहासकार एलेनबर्गरने १९७२मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं. तळटीपेचं म्हणाल, तर पुढे मनोविश्लेषणाची चळवळ वाढली तसा झानेचा उल्लेख कडवट होत गेला. १९३७ला झाने व्हिएन्नात भेटायला तयार होता, फ्रॉइडने भेट नाकारली.

मेघना: नाकारणारच. १९१३ला लंडनच्या वैद्यक परिषदेत झानेने मनोविश्लेषणावर जाहीर टीका केली होती आणि त्यातलं जे चांगलं ते आधी माझंच, असाही दावा केला होता. फ्रॉइडचा अनुयायी अर्नेस्ट जोन्सने तिथेच उत्तर दिलं. अशा माणसाला भेटायचं नाही हा फ्रॉइडचा हक्क होता. त्यावरून श्रेयाचा निकाल लागत नाही.

समीर_क: मुद्दा सिद्धांताचा आहे. झानेच्या मते मनाची बांधून ठेवण्याची ताकद मुळातच कमी असते, म्हणून अनुभव सुटा पडतो. फ्रॉइड म्हणतो, मनच ती आठवण आत ढकलतं आणि वर येऊ देत नाही. पहिल्यात रुग्ण दुबळा आहे, दुसऱ्यात तो झगडतोय. मारीला पाठ्यपुस्तकात ॲना ओ.च्या बरोबरीने जागा द्या, माझी ना नाही. पण हा झगडा झानेच्या प्रबंधात कुठे आहे ते दाखवा, मग बोलू.